नक्षीचे लेखन आणि त्याचे वाचकयंत्र : सोलापूरच्या वस्त्रोद्योगासंबंधी एक विचार

यंत्रांच्या इतिहासात नव्या साधनाच्या आगमनाची नोंद आवर्जून होते. जुने साधन केव्हा काढून टाकले गेले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. टेबलावरील संगणकातून सीडी ड्राइव्ह काढणे ही अशीच एक दुर्लक्षित घटना होय.

क्रिया तशी किरकोळ आहे. वीजपुरवठा तोडून पेटीची बाजू उघडावी, विजेची व माहितीची अशा दोन केबल सोडवाव्यात, स्क्रू काढावेत, आणि ड्राइव्ह पुढील बाजूने ओढून घ्यावा. १९८२ साली संगीतासाठी बाजारात आलेली सीडी पुढे सुमारे ६५० मेगाबाइट माहितीचे भांडार म्हणून संगणकात स्थिरावली. २०११ मध्ये मॅक मिनीतून व २०१२ मध्ये आयमॅकमधून ॲपलने हा ड्राइव्ह वगळला.

चादर व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापुरात या घटनेस निराळे महत्त्व प्राप्त होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील यंत्रमागांचा व्यवसाय नक्षीवर अवलंबून आहे, आणि नक्षी म्हणजे मागाला दिलेली लिखित आज्ञाच होय. १८०४ च्या सुमारास फ्रान्समधील लियाँ येथे जॅकार्डने ही आज्ञा पुठ्ठ्याच्या पंचकार्डांवर उतरविली. बाण्याच्या प्रत्येक धाग्यास एक कार्ड. जेथे छिद्र, तेथे ताण्याचा धागा वर उचलला जाई. १९८३ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड पुढे आले आणि नक्षी पुठ्ठ्यावरून संगणकाच्या फाइलीत जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

या दोन लेखनांतील भेद मूलगामी आहे. माग मोडीत निघाला तरी कार्डावरील छिद्रे डोळ्यांस दिसतात व जाणकार कारागीर त्यांवरून नक्षी पुन्हा मांडू शकतो. सीडीवरील खुणा एका मायक्रॉनहूनही अरुंद असतात. लेझरवाचून त्या मुक्याच राहतात. बाहेरून जोडावयाचे ड्राइव्ह आज मिळतात हे खरे; परंतु घरी वा कारखान्यात भरलेल्या सीडीतील रंगद्रव्य कालांतराने बिघडते, हेही तितकेच खरे.

तात्पर्य, ड्राइव्ह काढल्याने इतिहास नष्ट होत नाही. त्यापूर्वी तबकड्यांची तपासणी व नक्कल न केल्याने तो नष्ट होतो. हिशेबवह्या व पंचकार्डे यांच्या बरोबरीने कारखान्यांतील तबकड्याही ऐतिहासिक साधने मानल्या पाहिजेत. तसे न घडल्यास सोलापुरी चादरीच्या इतिहासकारास जुन्या पुठ्ठ्यांवरील नक्षी उपलब्ध होईल, आणि अलीकडची मात्र हाती लागणार नाही.