राखीव मतदारसंघ

राखीव मतदारसंघ : ज्या मतदारसंघातून केवळ अनुसूचित जातीच्या किंवा जमातीच्या व्यक्तीलाच निवडणूक लढवता येते, पण मतदान मात्र तेथील सर्व जातिधर्मांचे मतदार करतात, असा मतदारसंघ. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३३० मध्ये लोकसभेसाठी आणि ३३२ मध्ये विधानसभांसाठी अशी तरतूद आहे. प्रस्तुत नोंदीत प्रामुख्याने अनुसूचित जातींच्या जागांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : १९१९ च्या कायद्यानुसार मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवल्या होत्या. जातीच्या आधारावर जागा राखण्याची पद्धत या प्रांतात प्रथम आली ती अशी. अस्पृश्य वर्गाला मात्र निवडणुकीऐवजी सरकारी नेमणुकीवर विसंबावे लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व डॉ. पी. जी. सोळंकी हे विधिमंडळात आले ते नेमणुकीनेच.

ऑगस्ट १९३२ मधील जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले आणि त्याशिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत दिले. त्याविरुद्ध गांधीजींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरला उपोषण सुरू केले व २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. करारान्वये प्रांतिक विधिमंडळांतील जागा १४८ झाल्या. त्यांपैकी मद्रास व बंगाल यांना प्रत्येकी ३० आणि सिंधसह मुंबईला १५ मिळाल्या. निवाड्यातील मूळ आकडा ७१ होता की ७८, याबाबत ग्रंथांत एकवाक्यता नाही. जागा सुमारे दुप्पट झाल्या, पण प्रतिनिधी ठरवण्याचा अंतिम अधिकार संयुक्त मतदारांकडे गेला. त्यावर उपाय म्हणून, आधी केवळ अस्पृश्य मतदारांनी चौघांची निवड करायची आणि त्या चौघांतून सर्वांनी एकाला निवडायचे, अशी प्राथमिक निवडणूक ठरली होती. स्वतंत्र भारताच्या संविधानात ती राहिली नाही. कराराचे मूल्यमापन आजही वादाचा विषय आहे. बहुजन चळवळीचे नेते कांशीराम यांनी कराराच्या पन्नासाव्या वर्षी, १९८२ मध्ये, ‘द चमचा एज’ हे पुस्तक लिहून त्यावर कठोर टीका केली.

मतदानाची रीत : राखीव जागांच्या चर्चेत जागांच्या संख्येवर फार भर दिला जातो. निकालावर अधिक खोल परिणाम मतदानाच्या रीतीने केलेला दिसतो. १९३७ मध्ये मुंबई प्रांतातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने थोड्या, पण संघटित असलेल्या समाजाला ही सोय मोलाची होती. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या वर्षी मिळवलेल्या यशात तिचा वाटा होता. आंबेडकर स्वतः मुंबईतून निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. बाळू सुमारे दोन हजार मतांनी हरले.

स्वातंत्र्यानंतर ही सोय गेली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या ४८९ जागांसाठी ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ८६ द्विसदस्य व एक त्रिसदस्य होता. द्विसदस्य मतदारसंघात सामान्यतः एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे. मतदाराला दोन मते असत, पण ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांनाच द्यावी लागत. प्रत्येक उमेदवाराची मतपेटी स्वतंत्र असे. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकल्या, तर एक बाद होई.

मुंबई शहर उत्तर मतदारसंघात १९५२ साली या नियमाचा परिणाम स्पष्ट दिसला. आंबेडकरांचा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हा पक्ष व समाजवादी पक्ष यांची युती होती : सर्वसाधारण जागेसाठी अशोक मेहता, राखीव जागेसाठी आंबेडकर. दोघेही हरले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. मते ‘कुजवा’, म्हणजे दुसरे मत वाया घालवा, असा प्रचार विरोधकांनी केल्याचा आरोप झाला व त्यावर आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत एकच मत द्यावे आणि दुसरे कुजवावे, असा काही कार्यकर्त्यांचा आग्रह होता. आंबेडकरांनी तो मानला नाही, असे चरित्रकार सांगतात. तेथे अशोक मेहता निवडून आले आणि आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. संविधानाच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला राखीव जागेवरून लोकसभेत जाता आले नाही, ही या व्यवस्थेच्या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना होय.

द्विसदस्य मतदारसंघ रद्द होण्यास मात्र वेगळीच घटना निमित्त झाली, असे सामान्यतः मानले जाते. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे अनुसूचित जमातीच्या दोन उमेदवारांना सर्वाधिक मते मिळाली. एकाला राखीव जागा मिळाली व दुसरे, डी. सूरी दोरा, सर्वसाधारण जागेवर निवडून आले. पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी हरले. गिरींचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये फेटाळला. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपले. तेव्हापासून राखीव मतदारसंघ पूर्णपणे वेगळा झाला आणि दलित उमेदवाराने सर्वसाधारण जागाही जिंकण्याची ती वाट बंद झाली.

महाराष्ट्र : आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९५६ मध्ये झालेल्या बौद्ध धर्मांतरानंतर बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश होत नसल्याने त्यांना राखीव जागा लढवता येत नव्हत्या. ही स्थिती १९९० पर्यंत टिकली. राज्यातील सर्वांत जागृत दलित समाज तीन दशकांहून अधिक काळ या जागांबाहेर राहिला, याची नोंद इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही. १९५७ मध्ये दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर गेले ते सर्वसाधारण जागेवरून. १९९८ मध्ये प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती), जोगेंद्र कवाडे (चिमूर) व रामदास आठवले (मुंबई उत्तर मध्य) हे रिपब्लिकन नेतेही काँग्रेसशी समझोता करून खुल्या जागांवरूनच निवडून आले. आठवले पुढे पंढरपूर या राखीव जागेवरून दोनदा जिंकले, मात्र २००९ मध्ये शिर्डीत हरले.

राखीव मतदारसंघात अनुसूचित जातींचे मतदार क्वचितच बहुसंख्य असतात. त्यामुळे उमेदवार ठरवताना इतर समाजांना कोण चालेल, याचा विचार पक्ष आधी करतात. बौद्धांऐवजी चर्मकार वा मातंग उमेदवाराला पसंती मिळते, असे निरीक्षण अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. पक्षांना ते मान्य नाही. सध्या राज्यात लोकसभेच्या ४८ पैकी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर व सोलापूर या पाच जागा अनुसूचित जातींसाठी, तर नंदुरबार, दिंडोरी, पालघर व गडचिरोली-चिमूर या चार जमातींसाठी आहेत. विधानसभेत हे आकडे अनुक्रमे २९ व २५ आहेत. उमेदवाराच्या जातीच्या दाखल्यावरून वाद होतात. सोलापूरच्या २०१९ मधील विजयी उमेदवाराचा दाखला पडताळणी समितीने २०२० मध्ये अवैध ठरवला.

गोवा : विधानसभेत पेडणे ही अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहे.

स्थानिक संस्था : ७३ व ७४ व्या संविधान दुरुस्त्यांनी राखीव जागा आळीपाळीने फिरत्या केल्या.

मुदत : लोकसभेत सध्या अनुसूचित जातींसाठी ८४ व जमातींसाठी ४७ जागा आहेत. संविधानात या राखीव जागांची मुदत मुळात दहा वर्षांची होती. ती वेळोवेळी वाढवली गेली असून १०४ व्या दुरुस्तीनुसार २५ जानेवारी २०३० पर्यंत आहे.