बारा, नऊ, सहा : एका अजिंक्य संघाचा उतार

१९६७ सालच्या डिसेंबरची एकतिसावी तारीख. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावी त्या दिवशी पारा शून्याखाली १३ अंश फॅरनहाइट, म्हणजे शून्याखाली २५ अंश सेल्सिअस इतका उतरला होता. मैदानाखाली विजेच्या तारा घालून माती उबदार ठेवण्याची योजना होती. ती ऐन वेळी निकामी झाली आणि मैदान दगडासारखे टणक झाले. तरीही पन्नास हजार माणसे पांघरुणे लपेटून बसून राहिली. डॅलसचा संघ १७ विरुद्ध १४ गुणांनी पुढे होता आणि सामना संपण्यास अवघे सोळा सेकंद उरले होते. तेव्हा ग्रीन बे पॅकर्स संघाचा सूत्रधार बार्ट स्टार याने चेंडू दुसऱ्या कोणाच्या हाती न देता स्वतःच छातीशी धरून रेषेपलीकडे झेप घेतली. पॅकर्स जिंकले. दोन आठवड्यांनी मायामी येथे त्यांनी ओकलंडच्या संघास ३३ विरुद्ध १४ गुणांनी नमविले. सलग तीन वर्षे अजिंक्यपद, आणि सात वर्षांत पाच वेळा. असा पराक्रम त्या खेळात दुर्मीळच होय.

त्यानंतर वर्ष पुरते उलटावयाच्या आत हाच संघ सहा सामने जिंकून, सात हरून आणि एक बरोबरीत सोडवून आपल्या गटात तिसरा आला. एवढा मोठा उतार एवढ्या थोड्या अवधीत कसा झाला? लोकांनी त्या वेळी दिलेले उत्तर सोपे होते : थोर प्रशिक्षक गेला, त्याच्या जागी सामान्य प्रशिक्षक आला, आणि संघ बुडाला. हे उत्तर कितपत न्याय्य आहे, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. फुटबॉल म्हटले म्हणजे आपल्याकडे पायाने खेळावयाचा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेतील त्या नावाचा खेळ निराळा. त्यात अकरा-अकरा गडी लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेऊ पाहतात. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला तर सहा गुण, आणि मग खांबांमधून लाथेने धाडला तर आणखी एक. रेषेपर्यंत जाता आले नाही तर दुरूनच लाथ मारून तो खांबांमधून पाठविता येतो. त्याचे तीन गुण. या तीन गुणांकडे श्रोत्यांनी ध्यान ठेवावे. पुढील हकिगतीत त्यांचे काम आहे. त्या काळी प्रत्येक संघ एका हंगामात चौदा सामने खेळत असे.

ग्रीन बे हे गाव लहान. १९६० च्या जनगणनेत त्याची वस्ती सुमारे ६३,००० होती. न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा महानगरांच्या पंक्तीत त्याने बसावे कसे? याचे रहस्य संघाच्या मालकीत आहे. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो नावाच्या तरुणाने हा संघ उभारला. तो मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीत नोकरीस होता; गणवेशांसाठी पैसे त्या कंपनीने दिले, म्हणून संघाचे नाव ‘पॅकर्स’ पडले. १९२३ मध्ये संघ आर्थिक अडचणीत आला तेव्हा गावातील लोकांनी भाग विकत घेऊन तो वाचविला. या भागांवर लाभांश मिळत नाही. इतर संघांचे मालक धनाढ्य गृहस्थ असतात; हा संघ मात्र गावकऱ्यांचा आहे. १९५६ मध्ये नवे मैदान बांधण्यासाठी कर्ज उभारण्याचा प्रश्न आला, तोही गावकऱ्यांनीच मतदान करून सोडविला. तेव्हा या संघाची हार ही कोणा धनिकाची हानी नव्हती; ती घरोघरी सोसली जाई.

आणि हार गावाच्या परिचयाची होती. १९५८ च्या हंगामात पॅकर्सनी बारा सामन्यांत केवळ एक जिंकला, दहा गमावले, एक बरोबरीत सुटला. अशा वेळी, १९५९ च्या आरंभी, व्हिन्स लोम्बार्डी यांना पाचारण करण्यात आले.

लोम्बार्डी यांचा जन्म १९१३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील इटालियन कॅथलिक कुटुंबातला. जेझुइट धर्मगुरूंच्या फोर्डम विद्यापीठात ते शिकले. पुढे न्यू जर्सीतील सेंट सिसिलिया या कॅथलिक विद्यालयात त्यांनी लॅटिन, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकविले व त्याबरोबर मुलांचा संघही घडविला. ते मूळचे शाळामास्तर, आणि अखेरपर्यंत शाळामास्तरच राहिले. त्यांच्या चढाईचे डावपेच संख्येने थोडे होते. परंतु एकच डाव ते फळ्यावर पुन्हा पुन्हा मांडीत, मैदानावर पुन्हा पुन्हा घोटवून घेत. मंदबुद्धी विद्यार्थ्यासही व्याकरणाचा नियम पाठ व्हावा इतकी ती घोकंपट्टी असे. पहिल्याच वर्षी संघाने बारांपैकी सात सामने जिंकले. १९६० मध्ये तो अंतिम सामन्यात फिलाडेल्फियाकडून १७ विरुद्ध १३ असा हरला. त्यानंतर १९६१, १९६२, १९६५, १९६६ आणि १९६७ ही पाच वर्षे पॅकर्स अजिंक्य ठरले.

१९६८ च्या फेब्रुवारीत लोम्बार्डी यांनी प्रशिक्षकपद सोडले. सरव्यवस्थापकपद मात्र आपल्याकडे ठेविले. त्यांच्या जागी फिल बेंग्टसन आले. बेंग्टसन हेही १९१३ सालीच जन्मलेले, मिनेसोटा राज्याचे, अबोल स्वभावाचे. १९५९ पासून नऊही वर्षे संघाचा बचाव त्यांच्याच हाती होता. म्हणजे पाच अजिंक्यपदांपैकी अर्धे काम त्यांचे होते असे म्हटले तर ते वावगे ठरू नये. याच साली गावातील मैदानाजवळच्या एका रस्त्यास लोम्बार्डी यांचे नाव देण्यात आले. सामन्यास जाताना लोक त्या पाटीखालून जात, आणि मैदानावर बेंग्टसन उभे असत.

हंगामाचा आरंभ बरा झाला. फिलाडेल्फियावर ३० विरुद्ध १३ असा विजय मिळाला. लगेच पुढे मिनेसोटा आणि डेट्रॉइट यांच्याकडून दोन पराभव. अटलांटास ३८ विरुद्ध ७ असे लोळविल्यावर लॉस एंजेलिसने त्यांना १६ विरुद्ध १४ असे हरविले. डेट्रॉइटशी बरोबरी झाली. डॅलससारख्या बलाढ्य संघास पॅकर्सनी त्याच्याच गावी जाऊन नमविले आणि लोकांना वाटले की, जुने दिवस परत आले. परंतु पुढच्याच रविवारी, ३ नोव्हेंबर रोजी, शिकागोचा संघ ग्रीन बे येथे आला. त्या दिवशी शिकागोच्या गेल सेयर्सने एकट्याने दोनशेहून अधिक यार्ड धाव घेतली, तरीही सामना संपत येईपर्यंत दोन्ही पक्षांचे दहा-दहा गुण होते. तेव्हा शिकागोने नियमांतील एका विसरल्या गेलेल्या कलमाचा आधार घेतला. प्रतिपक्षाने उंच मारलेला चेंडू खूण करून निर्वेध झेलला, तर त्या ठिकाणाहून कोणाच्याही अडथळ्याविना खांबांमधून लाथ मारता येते. मॅक पर्सिव्हलने ४३ यार्डांवरून ती मारली आणि पॅकर्स १३ विरुद्ध १० असे हरले. त्यानंतरच्या रविवारी मिनेसोटाकडून पुन्हा हार, १४ विरुद्ध १०.

आता या हंगामाचा जमाखर्च मांडून पाहावा. चौदा सामन्यांत पॅकर्सनी २८१ गुण मिळविले आणि प्रतिपक्षांस २२७ मिळू दिले. म्हणजे ५४ गुण शिल्लक, आणि तरीही जिंकले कमी, हरले अधिक. लॉस एंजेलिस, शिकागो आणि मिनेसोटा यांच्याकडील तीन पराभव मिळून केवळ नऊ गुणांचे. त्या वर्षी मिनेसोटाने गटाचे अग्रस्थान पटकाविले ते अवघ्या आठ विजयांवर. या तिहींपैकी दोन सामने फिरते, तर बेंग्टसन यांचा संघ गटात पहिला ठरला असता आणि त्यांची गणना यशस्वी उत्तराधिकाऱ्यांत झाली असती.

ते सामने का फिरले नाहीत, याचे एक कारण अगदी साधे आहे. लाथेने तीन गुण मिळवून देणारा डॉन चँडलर हा गडी १९६७ च्या हंगामानंतर निवृत्त झाला. मायामीच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने चार वेळा चेंडू खांबांमधून धाडला होता. १९६५ मध्ये बाल्टिमोरविरुद्ध संघ हरत असता त्याच्याच लाथेने बरोबरी झाली, आणि वाढीव वेळात त्याच्याच लाथेने विजय मिळाला होता. त्याची जागा १९६८ मध्ये भरली गेली नाही. एकामागून एक चौघांना ते काम देऊन पाहिले. त्यांत जेरी क्रेमर होता, ज्याचे खरे काम आघाडीस राहून प्रतिपक्षाचे गडी रोखणे हे होते. निम्म्याहून अधिक प्रयत्न वाया गेले. नऊ गुण म्हणजे अशा तीन लाथा.

दुसरे कारण वयाचे. १९६८ च्या हंगामात बार्ट स्टार चौतीस वर्षांचा होता. विली डेव्हिसही चौतिसाव्या वर्षात सरलेला, फॉरेस्ट ग्रेग पस्तिशीस टेकलेला, हेन्री जॉर्डन तेहतीस वर्षांचा. ज्या खेळात प्रत्येक रविवारी हाडे खिळखिळी होतात, त्यात हे वय म्हणजे म्हातारपण. स्टार जायबंदी होऊन अनेक सामने बाहेर बसला. वारस शोधले नव्हते असेही नाही. पॉल हॉर्नंग आणि जिम टेलर या दोन प्रसिद्ध गड्यांच्या जागी १९६६ मध्येच लोम्बार्डी यांनी मोठी रक्कम मोजून दोन तरुण आणले. पैकी जिम ग्रॅबोव्स्कीचा गुडघा १९६७ मध्ये दुखावला.

येथे तीन आकडे शेजारी ठेवावेत. नित्याच्या हंगामात पॅकर्सनी १९६६ मध्ये बारा सामने जिंकले, १९६७ मध्ये नऊ, १९६८ मध्ये सहा. प्रतिपक्षांस मिळू दिलेले गुण अनुक्रमे १६३, २०९ आणि २२७. ही एकाच जिन्याची पायरी पायरी आहे. उतार १९६८ मध्ये सुरू झाला नाही. तो १९६७ मध्येच चालू होता आणि त्या वर्षीचे शेवटचे दोन नित्य सामनेही पॅकर्स हरले होते. परंतु त्या वर्षाच्या अखेरीस गोठलेल्या मैदानावर सोळा सेकंदांत जे घडले त्याच्या झगमगाटात तो कोणास दिसला नाही. लोम्बार्डी त्या पायरीवरून उतरले; बेंग्टसन यांना पुढची पायरी मिळाली. जी दुखणी आधीच्या वर्षात जडली होती, त्यांचे निदान बेंग्टसन यांच्या कारकिर्दीत झाले, आणि लोकांनी वैद्यासच रोगाचे कारण मानले.

याचा अर्थ लोम्बार्डी यांचे मोठेपण खोटे होते असा नव्हे. थकलेल्या संघाकडूनही अटीतटीच्या घटकेस सर्वस्व काढून घेणे ही त्यांची विद्या होती, आणि १९६८ मध्ये दोन-चार गुणांनी गेलेल्या सामन्यांत तीच उणी पडली असे म्हणावयास जागा आहे. पण संघ जीर्ण करून ठेवल्याचा दोष ज्याने तो वारशाने घेतला त्याच्या माथी मारणे, हा न्याय नव्हे.

हंगामाचा शेवटचा सामना १५ डिसेंबर रोजी शिकागो येथे झाला. पॅकर्सना त्यातून काहीच मिळावयाचे नव्हते. शिकागोस मात्र जिंकल्यास गटाचे अग्रस्थान मिळणार होते. डॉन हॉर्न या अननुभवी तरुणास सूत्रधार म्हणून उभे राहावे लागले. पॅकर्स २८ विरुद्ध २७ असे जिंकले. ज्या संघाचा कणा मोडला आहे तो असा खेळत नाही.

पुढे १९६९ च्या आरंभी लोम्बार्डी वॉशिंग्टनच्या संघाकडे गेले. तेथे त्यांनी एकच हंगाम काढला, पण १९५५ नंतर प्रथमच त्या संघाचे विजय पराभवांहून अधिक झाले. ३ सप्टेंबर १९७० रोजी कर्करोगाने ते निवर्तले, वय सत्तावन्न. अजिंक्यपदाच्या चषकास आज त्यांचे नाव आहे. बेंग्टसन यांनी तीन हंगामांनंतर, १९७० अखेर, पद सोडले. वीस विजय, एकवीस पराभव, एक बरोबरी, असा त्यांचा हिशेब. ते १९९४ मध्ये वारले. त्यांच्यानंतर आलेल्या प्रशिक्षकांत स्वतः बार्ट स्टारही होता. नऊ वर्षे झटूनही त्यास अजिंक्यपद लाभले नाही. ते गावी परत आले १९९७ च्या जानेवारीत, म्हणजे मायामीच्या विजयानंतर एकोणतीस वर्षांनी. त्या एकोणतीस वर्षांचा भार एकट्या बेंग्टसन यांच्यावर टाकता येत नाही, हे काळानेच सिद्ध केले.

या एकोणतीस वर्षांत एक गोष्ट मात्र उतरली नाही. १९६० पासून ग्रीन बे येथील नित्य सामन्यांची तिकिटे हंगामामागून हंगाम संपत आली. १९६८ मध्ये संपली, आणि त्यापुढील पडत्या वर्षांतही संपत राहिली. जेथे मालक एकच असतो तेथे तोटा दिसू लागला की संघ दुसऱ्या शहरी नेला जातो. अमेरिकेत असे अनेकदा घडले आहे. ग्रीन बेच्या भागधारकांस लाभांशाची आशा पूर्वीही नव्हती, म्हणून लाभ थांबला असे त्यांना वाटण्याचे कारण उरले नाही. पुढच्या हंगामाच्या पहिल्या रविवारी ते लोम्बार्डी यांच्या नावाच्या रस्त्याने मैदानावर गेले आणि बेंग्टसन यांच्या संघाचा खेळ पाहण्यास आपापल्या जागी बसले.