पदवी नसलेला कारखानदार: किर्लोस्करवाडी ते खडकी

खडकीला कारखाने नवे नव्हते. 5 नोव्हेंबर 1817 रोजी इथे पेशव्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि पुढे इंग्रजांची छावणी वसली. 1858 मध्ये खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला, 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1940 मध्ये, स्फोटकांच्या कारखान्याची भर पडली. हे दोन्ही कारखाने सरकारी होते आणि लष्करासाठी होते. 1946 मध्ये इथे स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीचे गिऱ्हाईक मात्र निराळे होते: विहिरीवर पंप लावणारा शेतकरी, पिठाची गिरणी चालवणारा, गुऱ्हाळवाला.

कंपनी उभारणारे शंतनुराव किर्लोस्कर मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून 1926 मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतलेले. ज्या उद्योगातून खडकीची ही शाखा फुटली त्याचे संस्थापक, म्हणजे त्यांचे वडील लक्ष्मणराव, यांच्याकडे मात्र अशी पदवी नव्हती. 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकार होण्यासाठी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर चित्रकला सुटली आणि ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी शिक्षकाची नोकरी केली. 1888 मध्ये बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलचे दुकान काढले. यंत्राशी त्यांचा व्यवहार सुरू झाला तो असा: आधी कागदावर रेघा, मग दुसऱ्याने बनवलेल्या मालाची विक्री, आणि बऱ्याच काळाने स्वतःचे उत्पादन.

पहिली उत्पादने होती कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. 1903 च्या सुमारास तयार झालेला नांगर विकायला दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. पण ज्याचे वर्षभराचे पोट एका हंगामावर, त्याने अनोळखी अवजार आपल्या रानात घालायला का कू करणे अगदी व्यवहाराचे होते. ओतकामातल्या अडचणी कारखान्यात बसून सोडवता येत होत्या, ही अडचण बांधावरच सुटायची होती. 

बेळगावची जागा नगरपालिकेला हवी होती, म्हणून कारखाना हलवणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. जमीन माळरानाची, निवडुंगाने भरलेली. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली.

तिथली माणसे पाहिली की लक्ष्मणरावांची खरी हातोटी कळते. शंभोराव जांभेकर आणि अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटलेले. दोघेही पुढे अभियंत्याचे काम करू लागले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. उनाड, उधळ्या म्हणून ओळखले गेलेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक झाले. पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेले माजी दरोडेखोर होते. प्रमाणपत्रे तपासून माणसे घेतली असती, तर यातला एकही किर्लोस्करवाडीत दिसला नसता. मालकालाच पदवी नव्हती, तेव्हा तिचा दरारा कमी असणे साहजिक होते.

मात्र हाताने शिकून नांगर जमतो, पंपही जमतात. डिझेल इंजिनाचे मोठे उत्पादन हे वेगळे प्रकरण. इंधन फवारणाऱ्या भागांत बारीकशी तफावतही चालत नाही, आणि एकसारखे शेकडो नग काढायचे तर मापन, यंत्रसामग्री आणि शिकलेले अभियंते लागतात. लक्ष्मणरावांनी 1922 मध्ये मुलाला अमेरिकेला पाठवले होते. त्याचा उपयोग खडकीत झाला. शिवाय पुणे-खडकी परिसरात लोहमार्ग होता, लष्करी कारखान्यांमुळे यंत्रावर बसलेला हात होता. 1946 मध्येच बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली. त्या एका वर्षात किर्लोस्करवाडीचा उद्योग दोन मोठ्या शहरांत पोहोचला.

वीज न पोहोचलेल्या गावांत ऑइल इंजिन हाच पाण्याचा आधार होता. वायरमनची वाट न पाहता शेतकरी ऊस आणि भाजीपाला भिजवू शकला. एकेकाळी नांगराला नकार देणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पुढच्या पिढीने हे इंजिन घेतले. लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. 1969 मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. कंपनीने पुढे इंजिनांचा कारखाना कोल्हापूरजवळ कागललाही उभारला.