ब्याद आणि माप



वर्गांतील मुलें फूटपट्टी बाकाच्या कडेला दाबून धरतात आणि मोकळ्या टोकाला टिचकी मारून ती थरथरवितात. अशा कित्येक पट्ट्या मीं जप्त केल्या आहेत. हाच खेळ पाण्यांत केला तर कंपनें मंदावून लवकर विरतील. काकवींत केला तर पट्टी एकदांहि धड डोलणार नाहीं. द्रवाचा चिकटपणा, ज्यास शास्त्रांत श्यानता म्हणतात, तो मोजण्याची एक युक्ति एवढ्यांतच आहे.

लंबकाचे प्रयोग करणारांस हवेचा अडथळा ही ब्याद वाटे. केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यानें १८५० सालीं त्या ब्यादेचाच हिशेब मांडला. हलणारी वस्तु भोंवतालच्या हवेचा अंश बरोबर ओढते, म्हणून झोक्यास वेळ अधिक लागतो. आणि घर्षणामुळें झोका लहान होत जातो. पुढें जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें लंडनमधील आपल्या घराच्या माळ्यावर तारेला कांचेच्या तबकड्या टांगून हवेची श्यानता मोजली. उष्णतामान चढावें म्हणून ऐन उन्हाळ्यांत विस्तव पेटवून किटल्यांची वाफ खोलींत सोडली होती. विस्तव राखण्याचें काम त्याची पत्नी कॅथरीन हिच्याकडे होतें! नंतर बर्फ आणून तीच खोली गार केली. हवा पुष्कळ विरळ केली तरी तिची श्यानता बदलत नाहीं, तापविल्यास मात्र वाढते, असें त्यानें १८६६ सालीं रॉयल सोसायटीपुढें सांगितलें.

सिलिकॉनवर ताण पडला कीं त्याचा विद्युत्-रोध बराच बदलतो, हें बेल प्रयोगशाळेंतील चार्ल्स स्मिथ यांनीं १९५४ सालीं दाखविलें. या गुणाचा उपयोग करून आय. बी. एम. चे विल्फिंगर व त्यांचे सहकारी यांनीं १९६८ सालीं 'रेझोनिस्टर' प्रसिद्ध केला. एका टोकाला जखडलेल्या सिलिकॉनच्या पट्टीची एक बाजू विजेनें तापविली कीं ती प्रसरण पावून पट्टी वांकते, निवली कीं सरळ होते. तापविण्याचा ठेका पट्टीच्या स्वाभाविक कंपनाशीं जुळला कीं कंपनें जोर धरतात. हेतु मात्र श्यानता मोजण्याचा नव्हता; आपण रेडिओचा कांटा फिरवून केंद्र निवडतों, तशी एकच कंपनसंख्या निवडण्याचा होता. त्या कामीं भोंवतालची हवा पुन्हां ब्यादच.

मागाहून संशोधकांनीं अशाच, पण फार लहान पट्ट्या मुद्दाम द्रवांत बुडविल्या. कंपनसंख्या किती घटली आणि कंपनांचा जोर किती बोथटला, यावरून द्रवाची घनता व श्यानता काढतां येते. सेकंदास १०,००० कंपनें असतील तर पट्टीलगतचा सुमारें ६ मायक्रॉन, म्हणजे ०.००६ मिलिमीटर जाडीचाच पाण्याचा थर ढवळला जातो. हें स्टोक्सच्याच सूत्रावरून निघतें. थेंबभर द्रवहि पुरतो तो यामुळें.

अडचण अशी, कीं जी उष्णता पट्टी हालविते तीच द्रवासहि तापविते. साधारण २० अंश सेंटिग्रेडवर पाणी एका अंशानें तापलें कीं त्याची श्यानता दोन टक्क्यांहून थोडी अधिक उतरते. तेलाची तर पुष्कळच. म्हणून वीज बेतानें द्यावी लागते, आणि पट्टीलगतचें उष्णतामान मोजून आंकड्यांत तेवढी दुरुस्ती करावी लागते.