हेकरू

इंग्रजीतील ‘ग्रूपर’ हा शब्द पोर्तुगीज ‘गारोपा’पासून आला. गोव्यात १५१० ते १९६१ पोर्तुगीज सत्ता होती. पाव, बटाटा हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले; हा मासा मात्र मराठी किनाऱ्यावर हेकरूच राहिला. नवी वस्तू नवे नाव घेऊन आली. हा तर घरचाच!

वेंगुर्ल्यास माझे मामा खडकावरून गळ टाकीत. आमिष गिळताच हेकरू कपारीत शिरतो, कल्ले फुगवून अडून बसतो; म्हणून दोरी तत्क्षणी खेचावी लागते. एकदा माझ्या हातून ती सैल पडली. मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सर्वांत मोठा हेकरू आणणाऱ्याचा गावात मान असे.

पुढे वाचनात आले, की हेकरू बहुधा प्रथम मादी असतो, वाढल्यावर नर होतो. मोठे वेचून आम्ही नरच वेचीत होतो. मामा तेव्हा हयात नव्हते.