पत्त्यांवरची तलवार



धर्म शिकवणाऱ्या खेळाच्या चित्रात शस्त्र असावं का? जखम, रक्त, पडलेला शत्रू दाखवावा का? हा प्रश्न फक्त आपल्या पाठशाळेचा नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांमध्येही तो उठला, आणि तो कसा उठला हे वाचताना मला आपलंच घर आठवत राहिलं. म्हणून आज जरा परक्या अंगणातली गोष्ट.

१९९३ साली तिकडे 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा पत्त्यांचा खेळ आला. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला. दोन जादूगार एकमेकांशी लढतात. प्रत्येकाचे २० प्राणांक असतात, आणि समोरच्याचे शून्यावर आणले की आपण जिंकलो. पत्त्यांवर राक्षस, पिशाच्चं, मंतरलेली हत्यारं. मुलं वेडी झाली आणि बऱ्याच ख्रिस्ती आईवडिलांनी खेळाला घराचं दार बंद केलं. कंपनीलाही ते जाणवलं असावं. एका पत्त्यावर पाचकोनी तारा होता, जो तिकडे सैतानपूजेची खूण मानतात. १९९५ च्या आवृत्तीत तो काढून टाकला. 'डीमन' या जातीचे नवे पत्ते त्यानंतर थेट २००२ मध्ये दिसले.

त्याच १९९५ साली रॉब अँडरसन यांनी 'रिडेम्प्शन' हा बायबलवर आधारलेला खेळ काढला. याची मांडणी मला मनापासून आवडली. इथे समोरच्याचा प्राण घ्यायचा नसतो. त्याच्या 'बंधनाच्या भूमीत' अडकलेले हरवलेले आत्मे असतात, आपले नायक पाठवून त्यांना सोडवायचं असतं. जो आधी पाच आत्मे सोडवील तो जिंकला. म्हणजे जिंकण्याची व्याख्याच बदलली, आणि हे फार मोठं काम आहे.

पण सोडवायला जाताना वाटेत दुष्ट पात्रं आडवी येतात आणि लढाई होतेच. पत्त्यांवर बळाचे आकडे आहेत, तलवार, ढाल, शिरस्त्राण आहे. पुढे एका संचाचं नावच 'वॉरियर्स', म्हणजे योद्धे, होतं. बायबलमधले प्रसंग चित्रात आणायचे म्हटल्यावर सगळेच काही मेंढपाळ आणि कोकरं नसतात. दावीद गल्याथला गोफणीने पाडतो आणि त्याच्याच तलवारीने त्याचं डोकं उडवतो. शास्त्यांच्या पुस्तकात याएल नावाची बाई तंबूत झोपलेल्या सेनापतीच्या कानशिलात मेख ठोकते. ग्रंथातच आहे, मग चित्रात का नको, असं एक बाजू म्हणणार. ज्या कारणासाठी तो दुसरा खेळ घराबाहेर ठेवला तेच चित्र इथे 'पवित्र' कसं झालं, असं दुसरी विचारणार. दोघींचंही मला पटतं, हीच अडचण आहे.

त्या तलवारीला आधारही भक्कम आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायात, 'देवाच्या शस्त्रसामग्री'चं वर्णन येतं: सत्याचा कमरपट्टा, नीतीचं उरस्त्राण, विश्वासाची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आत्म्याची तलवार. पत्र लिहिणारा पौल तेव्हा बेड्यांमध्ये आहे. तो स्पष्ट सांगतो की आपलं झुंजणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. कल्पना करा, अंगावर बेडी असलेला माणूस शब्दांतून कवच घालतो आहे! पण चित्रकाराच्या हाती हे गेलं की काय होतं? विश्वास रंगवता येत नाही, ढाल रंगवता येते. वाचणाऱ्याला रूपक मिळतं आणि बघणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला मिळतो फक्त एक शिपाई.

ख्रिस्ती समाजाची पत्त्यांबद्दलची अस्वस्थता फार जुनी आहे. १४२३ मध्ये बोलोन्या शहरात संत बर्नार्डिनो यांनी जुगाराविरुद्ध प्रवचन दिलं आणि लोकांनी आपले पत्ते आगीत टाकले. तेव्हा पत्ते रंगवणारा एक कारागीर रडत आला, आता पोटाचं काय म्हणून. संतांनी त्याला येशूच्या नावाची अक्षरं काढून दाखवली आणि म्हणाले, हे रंगव, अशी आख्यायिका आहे. पुढे प्युरिटन लोक पत्त्यांना सैतानाचं चित्रपुस्तक म्हणू लागले. तशाच कडक घरांसाठी पार्कर ब्रदर्स कंपनीने १९०६ मध्ये 'रूक' हा खेळ काढला. जॉर्ज पार्कर यांच्या पत्नी ग्रेस यांचा त्यात हात होता असं सांगतात. त्यात राजा, राणी, गुलाम नाहीत, नुसते रंग आणि आकडे. चित्रच नको म्हणजे वादही नको! एखाद्या गृहिणीलाच सुचावा असा हा उपाय आहे.

गाण्यांवरूनही हेच झालं. 'ऑनवर्ड, ख्रिश्चन सोल्जर्स' हे गीत १८६५ मध्ये सबाइन बेअरिंग-गूल्ड यांनी इंग्लंडमधल्या एका गावी मुलांच्या मिरवणुकीसाठी लिहिलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मेथडिस्ट पंथाच्या समितीने ते सैनिकी वळणाचं म्हणून गीतसंग्रहातून गाळायचं ठरवलं, तर निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडला आणि गीत राहिलं. लोकांना त्यात लढाई ऐकूच येत नव्हती, बालपण ऐकू येत होतं.

आता आपल्याकडे वळू, कारण इथे नाक मुरडणं फार सोपं आहे. रोज सकाळी आपण पहिलं पद म्हणतो ते णमो अरिहंताणं. अरि म्हणजे शत्रू, त्याचा नाश करणारे ते अरिहंत. जिन म्हणजे जिंकणारा. चोविसाव्या तीर्थंकरांचं नाव महावीर. शत्रू कोण, तर कर्म, राग, द्वेष, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं म्हणून दचकायला होत नाही. श्वेतांबर आगमांतल्या उत्तराध्ययन सूत्रात नमी राजर्षींचा इंद्राशी संवाद आहे. इंद्र म्हणतो, आधी नगराला तट बांध, मग दीक्षा घे. त्यावर राजर्षी श्रद्धेलाच नगर करतात, क्षमेला तट, पराक्रमाला धनुष्य आणि तपाच्या बाणाने कर्माचं कवच भेदायचं म्हणतात. पौलाच्या पत्राशेजारी हे ठेवून वाचा. दोघांची भेट होण्याचा प्रश्नच नाही, तरी सामान तेच आहे.

चित्रांतही आपण तितक्या सोवळ्या नाही. पद्मावती मातेच्या हाती पाश आणि अंकुश आहेत, ज्वालामालिनीच्या आठ हातांत तर कितीतरी आयुधं. नरकाची चित्रं मंदिरांच्या भिंतींवर असतात, करवतीने चिरलेली, कढईत तळलेली माणसं. ती मी लहानपणी डोळ्यांवर हात ठेवून, बोटांच्या फटीतून बघितली आहेत. आणि श्रवणबेळगोळची ती शांत मूर्ती इ.स. ९८१ च्या सुमारास घडवून घेणारा चामुंडराय हा गंग राजांचा सेनापती होता, रणांगण पाहिलेला माणूस.

मग चित्र निरुपद्रवी असतं का? आपला धर्म तसं म्हणत नाही, आणि इथे आपण ख्रिस्ती बहिणींपेक्षा जास्त कडक आहोत. यशोधर राजाची कथा आठवा. सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक' लिहिलं ते याच राजावर. आईने देवीला बळी देण्याचा हट्ट धरला, राजा जिवंत प्राणी मारायला तयार होईना, तेव्हा पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी मारण्याचा संकल्प झाला, म्हणून मायलेकरांना मोर, कुत्रा असे पशूंचे जन्म फिरावे लागले. कितीतरी घरांत मुलांना प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं देत नाहीत, भाजी 'काप' न म्हणता 'चिर' म्हणतात, त्याच्या मुळाशी हीच समज आहे. पिठाचा कोंबडा चालत नसेल, तर पुठ्ठ्याचा योद्धा चालेल का?

मला वाटतं, फरक हातात काय आहे याने पडत नाही, हात काय करतो आहे याने पडतो. पद्मावतीचा अंकुश कुणाला लागलेला नाही. देवदूताची उभी तलवारही मी मुलांच्या हातात देईन. याएलची मेख मात्र नाही, ती ग्रंथात असली तरीही. मूल ती गोष्ट मोठं झाल्यावर वाचेल, तेव्हा प्रश्नही विचारू शकेल. पत्त्याला प्रश्न विचारता येत नाही, तो फक्त टाकायचा असतो, आणि दहाव्या वेळी टाकताना त्या झोपलेल्या माणसाकडे कुणी बघतही नाही. मला भीती त्या न बघण्याची आहे. शिवाय त्याच धर्मात दुसरं चित्रही तयार आहे: येशूला धरायला लोक आले तेव्हा पेत्राने तलवार काढून महायाजकाच्या चाकराचा कान कापला आणि येशूने त्याला तलवार म्यान करायला सांगितलं. हातात तलवार, पण खाली येणारी. असा पत्ता मला चालेल.

आपल्या पाठशाळेतल्या मुली सध्या आदिपुराणातल्या गोष्टींचे पत्ते रंगवताहेत. भरत-बाहुबलींच्या तीन युद्धांपैकी मल्लयुद्धाचं चित्र सगळ्यांना हवं आहे, जलयुद्धालाही मागणी आहे, पाणी उडवायचं म्हणून. दृष्टियुद्ध कुणालाच नको, दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघताना काय काढायचं म्हणतात. मी ते दोघी बहिणींना मिळून दिलं आहे, एकीने भरत काढायचा, दुसरीने बाहुबली. त्यांचं कालपासून पापण्या कशा दाखवायच्या यावर भांडण चालू आहे.