तळटीप : ‘एक फाइल चालते, तीन चालत नाहीत’

७. उलव्यातील भाड्याच्या खोलीत लेखकाला अडवणारा एडिटर म्हणजे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेला व्हीएस कोड. त्यातले ‘रन’ बटण सी++ साठी मुळात फक्त समोर उघडी असलेली फाइल कंपायलरकडे धाडते. ‘मेन’ फाइलमध्ये ‘बिल’ नावाच्या दुसऱ्या फाइलमधले फंक्शन वापरले असेल, तर हेडरमधल्या घोषणेवर कंपायलर समाधान मानतो. पण लिंकरला त्या फंक्शनचा प्रत्यक्ष कोड सापडत नाही आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हा संदेश झळकतो. म्हणजे चूक कोडमध्ये नसते, आज्ञेत असते. प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘टास्क्स.जेसन’ उघडून, जिथे एकाच फाइलचा निर्देश आहे तिथे ‘या फोल्डरमधील सर्व सीपीपी फायली’ असा तारांकित निर्देश द्यावा लागतो. मात्र त्याच फोल्डरात सरावाचे जुने प्रोग्राम पडून असतील, तर दोन-दोन ‘मेन’ फंक्शन एकत्र येतात आणि लिंकर पुन्हा हटून बसतो. म्हणून दर प्रोग्रामला स्वतंत्र फोल्डर ठेवावा. फायली वाढल्या, की हे काम ‘मेक’ किंवा ‘सीमेक’वर सोपवतात. — संपा.